अनोळखी आवाजांची वही

अण्णा,

तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. तुमच्या वहीतले शब्द अकारविल्हे नाहीत. ज्या माणसानं घरातले स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा उंचीप्रमाणे भिंतीवर टांगले होते, त्यानं शब्द मात्र जसे भेटले तसे कोंबून ठेवावेत, याला काय म्हणावं? 'ऑड' पहिल्या पानावर, 'अनयूज्वल' चौथ्यावर, मध्येच मिक्सरच्या भांड्याचं माप, मग 'पिक्युलिअर', आणि 'स्ट्रेंज' शोधायला मला आज सकाळचा पाऊण तास लागला. आमचे जुने संस्कृत कोशकार निदान वर्ग तरी पाडत, स्वर्ग वेगळा, पाताळ वेगळं. तुमच्या वहीत स्वर्ग, पाताळ आणि गिअरबॉक्स एकाच पानावर नांदतात. बावीस वर्षं तुम्ही खुलासा द्यायला हजर नाही, ही तक्रार क्रमांक दोन. आणि तिसरी अशी की या बेंगळुरात तुम्हाला हाक मारायचीही सोय उरलेली नाही. रस्त्यात 'अण्णा' म्हटलं की तीन रिक्षावाले आणि एक नारळपाणीवाला वळून बघतात. म्हणून लिहितोय.

वही तुमच्या पत्र्याच्या पेटीत, फ्रीज आणि इस्त्रीच्या गॅरंटी कार्डांखाली सापडली. निळा पुठ्ठा, वर कारखान्याचा शिक्का, म्हणजे कायद्यानं पाहिलं तर ती सरकारी मालमत्ता आहे आणि तुम्ही ती येलहंक्याच्या क्वार्टरमधून बनशंकरीच्या घरापर्यंत बिनदिक्कत आणलीत. अजून मशीनच्या तेलाचा वास येतो. मी ती का शोधत होतो, ते सांगतो, पण आधी मला थोडं इकडचं तिकडचं बोलू द्या. सरळ मुद्द्यावर यायला मला कधीच जमलं नाही, आणि आज तर मुद्दाच असा आहे की त्याच्या आसपास घुटमळावंसं वाटतं.

या वहीचा जन्म तुम्ही मला किती वेळा सांगितला असेल! मिरजेहून नेमणुकीचं पत्र घेऊन आलेला मराठी शाळेतला मुलगा, टेस्ट बेडवर इंजिनं ऐकायच्या कामाला लागलेला. इंजिन चालू करायचं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि ऐकलेलं रजिस्टरात इंग्रजीत लिहायचं. पहिल्याच महिन्यात तुम्ही लिहिलंत, 'साउंड बॅड.' दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याच्यापुढे लाल शाईनं विचारलं होतं, बॅड म्हणजे कसा? कानाला कळलं होतं, कानाजवळ इंग्रजी नव्हतं. त्या संध्याकाळी तुम्ही वही काढलीत आणि वर्तमानपत्रातून, साहेबांच्या शेऱ्यांतून, कँटीनमधल्या भांडणांतून जे जे शब्द विचित्र गोष्टींसाठी वापरले जातात ते गोळा करायला सुरुवात केलीत. बाकी इंग्रजी तुम्ही शेवटपर्यंत धड शिकला नाहीत. दुकानात 'रिटर्न' आणि 'एक्स्चेंज' यात तुमचा गोंधळ व्हायचा. पण जगात जे जे नेहमीसारखं नाही, ते नेमकं किती नेहमीसारखं नाही, एवढं सांगायला लागणारं इंग्रजी तुमच्याइतकं त्या कारखान्यात कुणाला येत नव्हतं.

आज ती पानं वाचताना हसू आलं. 'ऑड' : एकदाच आला, पुन्हा नाही. उदा. शेजारच्यांचा जावई. 'अनयूज्वल' : रोज येत नाही, पण आला तर दचकू नये. उदा. बेंगळुरात गारा. 'पिक्युलिअर' : ज्याचा त्याचा, लांबून ओळखू येतो. उदा. वर्क्स मॅनेजरचा खोकला. आणि मग ते दोन, ज्यांच्याखाली तुम्ही पट्टी ठेवून रेघ मारली आहे. 'स्ट्रेंज' : मशीन आपलं, आवाज आपला नाही. 'ॲबनॉर्मल' : मशीन बंद करा, मग लिहा.

त्या शेवटच्या शब्दावरून तुमचं झालेलं हसं मला चांगलं आठवतं. मी तेव्हा कॉलेजात होतो. तुम्ही एका दुपारी चालू इंजिन स्वतःच्या अधिकारात बंद करून रजिस्टरात 'ॲबनॉर्मल' लिहून मोकळे झालात. तीन दिवस ते इंजिन खोलून बसले होते सगळे. काही निघालं नाही. एक धागाभर चीर नाही, एक सैल बोल्ट नाही. पुढे कितीतरी दिवस कारखान्याच्या बसमध्ये कुणी शिंकलं तरी मागून आवाज यायचा, "अण्णांना विचारा, ॲबनॉर्मल आहे का!" मी तुम्हाला म्हटलं, "तुम्ही 'अनयूज्वल' लिहिलं असतं तर निभावलं असतं. कुणी खोललंही नसतं." तुम्ही पोळीला तूप लावत होतात. म्हणालात, "तेच ना. कुणी खोललं नसतं." मग थोड्या वेळानं, "चूक निघालो याचं मला काही वाटत नाही रे. बरोबर निघालो असतो आणि सौम्य शब्द लिहिलेला असता, तर झोप लागली नसती."

आणि दुसरी आठवण फ्रीजची. हीसुद्धा येलहंक्याच्याच स्वयंपाकघरातली. आई जाऊन वर्ष झालं होतं, घरात आपण दोघेच. मी टेबलाशी बसून व्याकरणाचं पाठांतर करतोय, तुम्ही अंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर येता आणि दारातच थांबता.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"फ्रीज गप्प कधीपासून आहे?"

"मला काही ऐकू आलं नाही, अण्णा."

"तेच विचारतोय, शहाण्या. काही ऐकू येत नाहीये, हे तुला ऐकू आलं नाही?"

मग ओल्या अंगानंच तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फ्रीजला कान लावून उभे, आणि मला उद्देशून, पण फ्रीजकडे बघत, "आलेला आवाज कुणालाही ऐकू येतो. थांबलेला ऐकायला कान लागतो. आणि तो कधी थांबला ते सांगता आलं पाहिजे. ते सांगता आलं नाही तर तू तिथं बसला होतास कशाला?" मला राग आला होता. मला वाटलं, संस्कृत शिकायला गेलो याचा हा सूड आहे. इंजिनिअरिंग सोडून पाठशाळेत जाणारा मुलगा हा तुमच्या वहीत नेमका कुठल्या शब्दाखाली येत होता, हे मी कधी विचारलं नाही. 'ऑड' असावं. पुन्हा कुणी तसं केलं नाही आपल्या घरात.

संस्कृतनं मला पोट भरायला दिलं, हे तुम्ही पाहून गेलात. पण आज, या वयात, माझ्या लक्षात एक गंमत आली आहे. आमच्याकडे नेहमीपेक्षा वेगळ्या गोष्टीसाठी शब्दांची कमी नाही: अद्भुत, अपूर्व, विलक्षण, लोकोत्तर. पण बघा, जो उचलावा तो हात जोडून उभा! काही अनोळखी दिसलं की आमचा पंडित आधी नमस्कार करतो. अद्भुताला तर आम्ही रसांच्या पंगतीत पाट मांडून बसवलंय. 'विकृत' म्हणून एक शब्द आहे, पण तो घरच्या माणसाला लावायला जीभ उचलत नाही. मधलं काही नाही. म्हणजे मशीन आपलं आणि आवाज आपला नाही, याला लावायला माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात मला एक शब्द सापडलेला नाही, आणि सापडला तो तुमच्या तेलकट वहीत.

हिला बघायला आपण दोघे गेलो होतो तो दिवस तुम्हाला आठवत असेल. जुन्या शहरातलं घर, पुढे कडाप्प्याचा कट्टा. तिच्या घरचे साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठा फौजेबरोबर घोड्यावरून आले आणि आपण नेमणुकीच्या पत्रावरून, त्यामुळे तुम्ही आधीच जरा दबलेले. त्यांचं मराठी ऐकून तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावल्यावर बघायचात. आणि मग ही आली, हातात ताट, ताटात वाटीभर गूळ आणि दोन तांबे पाणी. बाकी काही नाही. तुम्ही पोह्यांची वाट बघत होतात. मला हळूच विचारलंत, "हे आधी खायचं की हात धुवायचे याच्यानं?" तिच्या आईनं ऐकलं बहुतेक. म्हणाल्या, "गूळ तोंडात टाका की, वरून पाणी घ्या. उन्हातून आलात." इकडे पाहुण्याला पहिलं हेच देतात, हे आपल्याला कुठं ठाऊक! तुम्ही खडा तोंडात टाकलात, वर तांब्याभर पाणी प्यायलात, आणि तुमचा चेहरा सैल झाला. आज ते पान सापडलं. 'अनफॅमिलिअर' : नवीन म्हणून अनोळखी. भिऊ नये, दुसऱ्या भेटीत संपतं. उदा. गूळ आणि पाणी. पुढे कंसात, छान लागतं.

दुसऱ्या भेटीत संपलंच ते. मग तो आमच्या दोघांचा खेळ झाला. लग्नानंतर पहिल्यांदा मी कुठल्याशा परिषदेला आठ दिवस जाऊन परत आलो, तर ही दारात ताट घेऊन उभी. "या की, बसा. कुणीकडून आलात?" म्हणजे, घरी पाहुण्यासारखे येता, हा टोमणा. मीही तसाच. चप्पल बाजूला काढून खुर्चीच्या कडेवर बसलो, "इथंच आलो होतो जरा, म्हटलं भेटून जावं." "घरी कोण कोण असतं?" "बायको आहे. फार तापट." मग ती ताट ओढून घ्यायची आणि म्हणायची, "पुरे नाटक. दूध संपलंय, घेऊन या जा." तुमच्यादेखतही एकदोनदा झालं आहे हे, तुम्ही पेपरामागे हसत होतात. अठ्ठावीस वर्षं हा खेळ चालू आहे. मी उशिरा आलो की गूळ, भांडण झालं की गूळ, शनिवार-रविवार पुस्तकात डोकं घालून बसलो की टेबलावर गूळ आणि पाणी. आमच्यात 'माझ्याकडे बघा' असं सरळ म्हणायची पद्धत नव्हती. गुळानं काम होत होतं.

गेल्या वर्षी गूळ वाढला, अण्णा. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून. आणि मी काय करावं? मी खूश झालो. मला वाटलं, लेक लग्न होऊन सर्जापूर रोडला गेली, घर मोकळं झालं, हिला जुने दिवस आठवायला लागले. मी चढाओढीनं नाटक करायचो. एकदा तर बाहेर जाऊन बेल वाजवून आलो. ती "या की" म्हणायची, मी कडेवर बसायचो, ती घरची चौकशी करायची, मी बायकोच्या तक्रारी सांगायचो, ती गंभीरपणे ऐकायची, "असू दे, सांभाळून घ्या, बाईमाणसाला घरात फार काम असतं," म्हणायची. मला वाटायचं, काय सुरेख रंगवते! आणि या सगळ्यात 'पुरे नाटक, दूध घेऊन या' हे वाक्य येईनासं झालं. कधी, ते मला सांगता येत नाही. मी समोर बसलो होतो. गूळ खात बसलो होतो.

लेकीला माझ्या आधी कळलं. फोन आला तिचा, मागच्या दिवाळीच्या आधी. तुमची नात तुम्ही चिमुकली पाहिलीत, आता ती एका कंपनीत माणसं नेमायचं काम करते आणि तिच्याजवळ जगातल्या सगळ्या अनोळखी गोष्टींसाठी मिळून एकच शब्द आहे. भोपळ्याची भाजी वीअर्ड, तिची बॉस वीअर्ड, लिफ्टमधलं संगीत वीअर्ड, माझी धोतरातली जुनी तसबीर वीअर्ड. तर ती म्हणाली, "बाबा, आई वीअर्ड वागतेय."

मी म्हटलं, "वीअर्ड म्हणजे?"

"म्हणजे वीअर्ड. मला हॉलमध्ये बसवून गूळ दिला, बाबा. मला! आणि विचारलं, ऑफिस कुठंय तुमचं."

"अगं, गंमत करते ती. आमची जुनी गंमत आहे."

"गंमत नव्हती ती. आय डोन्ट नो, समथिंग इज वीअर्ड."

आणि इथं मी तुमची गादी चालवायला बसलो. मी तिला तुमची शब्दांची शिडी ऐकवली. म्हटलं, तुझे आजोबा असते तर तुला उभं केलं असतं. ऑड आहे की अनयूज्वल? पिक्युलिअर की स्ट्रेंज? एका शब्दानं भोपळा आणि आई दोघांचं वर्णन करणाऱ्या माणसाचं म्हणणं कुणी का ऐकावं? मी चांगला रंगात आलो होतो. व्युत्पत्तीपर्यंत गेलो असतो. पलीकडून तिनं मला मध्येच तोडलं. मग म्हणाली, "तू ना बाबा, शब्दच तपासत बस. फरगेट इट." आणि फोन ठेवला. मला वाटलं, जिंकलो. त्या संध्याकाळी ही घटना मी हिला गंमत म्हणून सांगितली, आणि ही हसली, आणि म्हणाली, "तुमची मुलगी फार गोड आहे वाटतं."

'तुमची.' आणि मी तेव्हाही हसलो, अण्णा.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. एकदा ती देवळातून परत येताना आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि फुलवालीला विचारत होती की इथले लोक कसे आहेत, घर घेण्यासारखी जागा आहे का. फुलवालीनं मला हाक मारून आणलं. तिथून घरी येताना मी तिचा हात धरला होता, आणि ती संकोचून, पण माझं मन मोडू नये म्हणून, तो धरू देत होती. तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं. सगळ्या घरातला आवाज थांबलेला. तुमचा प्रश्नही त्याच क्षणी ऐकू आला, टॉवेलासकट.

मग दवाखाना. डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या, फार शांत. त्यांनी हिला कानडीतच विचारलं, माझ्याकडे बोट दाखवून, "इवरु यारु?" हे कोण? ही माझ्याकडे वळली, नीट बघितलं, आणि हसून म्हणाली, "नम्म मनेगे बंदिद्दारे. तुंबा ओळ्ळेयवरु." आमच्या घरी आलेत. फार चांगले आहेत. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात इतकं निर्भेळ प्रशस्तिपत्र मला पहिल्यांदा मिळालं, आणि मी तिथं भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत बसलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय तसं कमी आहे, स्कॅन करू, चाचण्या करू, लगेच काही ठरवायचं नाही. आणि एक छापील कागद दिला. घरच्या माणसानं भरून सोमवारी आणायचा.

आज रविवार. कागद माझ्यासमोर आहे. त्यात बऱ्याच चौकोनांत खुणा करायच्या आहेत, त्या मी केल्या. शेवटी एक रिकामी जागा आहे, पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठी. आपल्या निरीक्षणात आलेली कोणतीही अनयूज्वल किंवा अनफॅमिलिअर वागणूक स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि ती प्रथम कधी लक्षात आली ते लिहा. स्वतःच्या शब्दांत! म्हणून मी तुमची वही शोधत होतो. स्वतःचे शब्द मला कधी नव्हतेच. निम्मे पूर्वसूरींचे, निम्मे तुमचे.

मी आधी पेन्सिलीनं 'स्लाइटली अनयूज्वल' लिहिलं. मग तुमची तूप लावलेली पोळी आठवली आणि ते खोडलं. 'स्ट्रेंज' लिहिलं, पण मग वाटलं, ती नाही, मी तिला स्ट्रेंज वाटतोय, मग हा शब्द नक्की कुणाला लावायचा? तिच्या बाजूनं पाहिलं तर तिचं काय चुकतंय? घरात एक परका गृहस्थ राहतो, पुस्तकं वाचतो, वेळेवर जेवतो, आणि ती त्याला उन्हातून आल्यावर गूळ देते. तुमचा 'ॲबनॉर्मल' लिहायला हवा, हे मला कळतं. पण त्याची तुमची व्याख्या कशी पाळू? मशीन बंद करा, मग लिहा. काय बंद करू, अण्णा? ती स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत असते, गुणगुणत असते, कढीला फोडणी अजून अचूक देते. बंद करण्यासारखं काहीच नाही. सगळं चालू आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर एक शब्द आहे, तुमच्या अक्षराला कंप सुटल्यानंतरचा. 'अनकॅनी.' त्यापुढे, डिक्शनरीत बघितला, समजला नाही, मुलाला विचारणे. तुम्ही विचारलं नाहीत. किंवा विचारलं असेल आणि मी 'नंतर सांगतो' म्हटलं असेन. हे दुसरं माझ्या स्वभावाला जास्त शोभतं. आज मला तो समजला आहे असं वाटतं. तुमचा 'अनफॅमिलिअर' दुसऱ्या भेटीत संपतो. हा दहा हजाराव्या भेटीत सुरू होतो.

इतकं लिहिलं आणि ती आली. हातात ताट. मी वही मिटली, पत्र तसंच राहिलं.

"लिहिता आहात का? व्यत्यय आणला."

"नाही हो. वडिलांना पत्र लिहितोय."

"बरं आहे की. कुठं असतात वडील?"

"लांब."

"पोचतं का तिकडे पत्र?"

"माहीत नाही. लिहून बघतोय."

तिनं गूळ पुढे केला. मी खडा उचलला. मग तिचं लक्ष टेबलावरच्या तुमच्या स्क्रू-ड्रायव्हरकडे गेलं, पेटीतून वहीबरोबर तोही निघाला होता. आणि ती एकदम हसली, अगदी पूर्वीसारखी. "अय्यो, हा आमच्या मामंजींचा! फ्रीजला लावून ऐकायचे हो ते. टॉवेलवर! मी नवी सून, कुठं बघावं कळेना मला." पदर तोंडाला लावून हसत राहिली. "पहिल्यांदा आमच्या घरी आले तर विचारतात, यानं हात धुवायचे का. आईनं मला महिनाभर चिडवलं. फार चांगले होते मामंजी."

मी विचारलं, "आणि त्यांच्याबरोबर कोण आलं होतं त्या दिवशी?"

तिनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. कपाळावर आठी आली, गेली. "कुणीतरी होतं की," म्हणाली. "स्वल्प बारीक होते. बोलत नव्हते काही."

तर तक्रार क्रमांक चार, आणि ही मी गंभीरपणे करतोय. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली आणि तुम्ही घरात आहात. मी इथंच आहे, आणि मी 'कुणीतरी होतं की'. तुमच्याबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदा मत्सर वाटला. पण लगेच वाटलं, तुम्ही तिथं असाल तर बरं आहे. ओळखीचं माणूस आहे तिच्याजवळ.

ताट घेऊन ती आत गेल्यावर मी लेकीला फोन केला. म्हटलं, "तुझा शब्द बरोबर होता." ती म्हणाली, "कुठला शब्द, बाबा?" तिला आठवतही नव्हता. मी म्हटलं, मागच्या दिवाळीआधी तू फोन केलास तो दिवस शोधून दे, मला तारीख हवी आहे. तिनं मोबाइलमध्ये शोधली आणि सांगितली. सांगता सांगता तिला तो प्रसंग आठवला असावा. मग एवढंच म्हणाली, "उद्या मी येते दवाखान्यात. तू एकटा जाऊ नकोस." ती तारीख मी कागदावर शाईनं लिहिली आहे. माझ्या लक्षात आली ती नव्हे, मला सांगितली गेली ती. आणि शब्दाच्या जागी 'ॲबनॉर्मल' लिहिलं. शाईनंच. उद्या ते हिला तपासतील, खोलून बघतील, आणि अण्णा, तुमच्यासारखंच माझं हसं व्हावं, काही निघू नये, सगळ्या बसनं मला चिडवावं.

हे पत्र वहीतच ठेवतो, तुमच्या शेवटच्या शब्दाच्या पानाशी. पाठवायचं कुठं, हा प्रश्न तिनं विचारलाच आहे.

एक सांगायचं राहिलं. इतका वेळ घुटमळत होतो ते यासाठी. तिनं मला विसरावं याची मला तेवढी भीती वाटत नाही. ती पाहुण्याशी फार चांगली वागते. पण काल संध्याकाळी दिवे लागले तेव्हा तिनं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काळजीनं विचारलं, "तुम्हाला लांब जायचंय का?" मी म्हटलं, "नाही, जवळच." ती म्हणाली, "मग बसा की स्वल्प." मी बसलो. आजही बसीन. पण पाहुणा किती बसणार, अण्णा? एक दिवस ती म्हणेल, उशीर झाला, घरी तुमची वाट बघत असतील. आणि त्या दिवशी उठून मी कुठं जाऊ, हे मला कळत नाही.